विषय: जिमी कार्टर आणि नारू

सर्वांना नमस्कार,

जिमी कार्टर हे देवमाणूस होते, परंतु अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून सपशेल नापास झाले, असे काकांनी परवा लिहिले. इराणमधील ५२ अमेरिकी ओलिसांची ४४४ दिवसांची कोंडी आणि भडकलेली महागाई यांमुळे १९८० ची निवडणूक त्यांच्या हातून गेली, हे मान्य आहे. परंतु सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिड येथील शांतता वाटाघाटींत इजिप्तचे अध्यक्ष सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान बेगिन एकमेकांचे तोंड पाहीनासे झाले असताना, ज्यांनी मसुद्याचे कागद घेऊन तेरा दिवस दोघांमध्ये हेलपाटे घातले, त्यांना नापास म्हणणे मला पटत नाही.

दुसरे म्हणजे नारू, दूषित पाण्यातून शरीरात शिरणाऱ्या जंताचा रोग. माझ्या आजोळी एका गड्याच्या घोट्यावरील फोडातून निघालेला पांढरा जंत काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढला जात असे. तो मध्येच तुटला की पाय भोपळ्यासारखा सुजे. या रोगावर लस नाही आणि औषधही नाही. पाणी फडक्याने गाळून प्यावे आणि रुग्णाला विहिरीत उतरू देऊ नये, एवढाच उपाय. १९८६ मध्ये कार्टर यांच्या कार्टर सेंटर या संस्थेने नारू निर्मूलनाचे काम हाती घेतले, तेव्हा जगात वर्षाला सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये ते १४ उरले.

---

नमस्कार ताई,

कॅम्प डेव्हिडपुरता माझा शब्द मी मागे घेतो. महागाईबाबत मात्र घेणार नाही, कारण त्या काळात घरकर्जाचे हप्ते मी भरले आहेत. नारूविषयी एक दुरुस्ती सुचवतो. भारताचा नारू निर्मूलन कार्यक्रम कार्टर सेंटरच्या आधीच सुरू झाला होता आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला, याचे मोठे श्रेय गावोगाव पाणवठे तपासत हिंडलेल्या आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे आहे. कार्टर यांची खरी कसोटी आफ्रिकेत लागली. १९९५ मध्ये सुदानात यादवी पेटलेली असताना, गाळण्या वाटता याव्यात म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना काही महिन्यांच्या शस्त्रसंधीला राजी केले.

आपल्याकडे याची फारशी आठवण कोणी काढत नाही, पण त्यांच्या मातोश्री लिलियन अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारी सेवा योजनेच्या स्वयंसेविका होऊन विक्रोळीच्या दवाखान्यात परिचारिकेचे काम करीत होत्या. मुलगा तेव्हा जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाची उमेदवारी हरून बसला होता. पुढे २००६ मध्ये तोच मुलगा गरिबांची घरे बांधायला लोणावळ्याजवळ आला, तेव्हा त्याचे वय ब्याऐंशी होते.