गुलमर्ग: बर्फ कमी म्हणजे हिमस्खलनाचा धोका पण कमी का?

फोंडा_रायडर
मंडळी, फेब्रुवारीत आम्ही तिघे मोपावरून दिल्ली, श्रीनगर करत गुलमर्गला स्नोबोर्डिंगला जातोय, यावेळी गोंडोलाच्या (केबल कारच्या) फेज टूवरून, म्हणजे वरच्या टप्प्यावरून, स्की पेट्रोलच्या (उतारांवर सुरक्षा बघणाऱ्या पथकाच्या) हद्दीबाहेर उतरायचा विचार आहे. हल्ली बर्फ उशिरा पडतो, 2024 चा जानेवारी तर जवळजवळ कोरडाच गेला, म्हणून मित्र म्हणतो बर्फच नाही तर हिमस्खलन कसलं. मला काही पटत नाहीय. कोणाला माहीत आहे का?

अस्नोडेकर
मित्राचं ऐकू नकोस बाबा, उलटंच आहे ते. थर पातळ असला की खाली जमीन शून्याच्या आसपास आणि वर रात्रीची हवा उणे दहा-पंधरा, एवढ्याशा जाडीत एवढा फरक, त्यामुळे खालच्या बर्फाचे कण सुटे होतात, जाड रव्यासारखे, मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. मग एकदम दोन-तीन फूट नवीन पडलं की सगळं वजन त्या रव्यावर, आणि एका माणसाच्या भाराने अख्खी लादी सुटते. 22 फेब्रुवारी 2024 ला खिलनमर्गकडे हिमस्खलनात एक रशियन स्कीअर दगावला, 2023 च्या 1 फेब्रुवारीला अफरवट डोंगरावर दोन पोलिश. पायाखाली धप्प आवाज आला किंवा बोर्डजवळून तडा धावला तर तिथूनच मागे फिरा, चर्चा करत बसू नका.

मोरजीची_लाट
दादा बरोबर बोलले. चंदीगडच्या डीजीआरईचं (हिमस्खलनाचा अंदाज देणारी सरकारी संस्था) बुलेटिन रोज बघा, पण ते मोठ्या भागासाठी असतं, तुमच्या समोरच्या उताराचं त्यातून कळत नाही, म्हणून लोकल गाईड घ्याच. 30 ते 45 अंशाचे उतार सगळ्यात वाईट, फोनवर मोजता येतात. मोठा बर्फ पडल्यावर एक-दोन दिवस तिकडे फिरकू नका, आणि खाली तो रवा असेल तर धोका कितीतरी आठवडे राहतो.
आणि बीकन (गाडलेल्याचा सिग्नल पकडून शोधायचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) प्रत्येकाकडे पाहिजे. गाडलेल्याला दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर आशा, नंतर ती भराभर कमी होते, बाहेरून मदत येईपर्यंत वेळ गेलेला असतो. आम्ही बीकन ड्राय बॅगेत घालून मोरजीच्या वाळूत पुरतो आणि शोधतो. फोन बंद करून शोधा, जवळ असला तर आकडे भलतेच उड्या मारतात.

फोंडा_रायडर
देव बरें करूं दोघांचं! आमच्यात दोघांकडेच बीकन आहे, तिसऱ्याने मध्ये राहिलं तर चालेल का?

मोरजीची_लाट
नाही. श्रीनगर किंवा गुलमर्गला भाड्याने मिळतो का ते आधी फोन करून विचारा, नाही मिळाला तर तिघांनीही पेट्रोलच्या हद्दीतच राहा.