गळती की गाळणी?

अनुवादिनी
एका अहवालाचं मराठी करते आहे. विषय असा: विद्यापीठांत शिकताना बायका बरोबरीने असतात, पण अध्यापन-संशोधनात वरच्या पदांकडे जाताना दर पायरीला कमी होत जातात. मूळ मजकुरात सारखं 'लीकी पाइपलाइन', म्हणजे गळकी नळी, येतं. मी सरळ 'गळती' लिहिलं. शाळेतल्या मुलांच्या गळतीमुळे शब्द सर्वांना ठाऊक आहे, म्हणून निर्धास्त होते. मसुदा तपासणाऱ्या बाईंनी प्रत्येक 'गळती'खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, "गळतात की गाळल्या जातात?" तिथे अडकले आहे. काय वापरू?

जुनी वही
गळतीच ठेवा. रुळलेला शब्द आहे, वाचणारा अडखळत नाही. गळणे अकर्मक, गाळणे त्याचं प्रयोजक. पडणे-पाडणे, मरणे-मारणे यांच्यासारखीच जोडी. दोन्ही संस्कृत 'गल्' धातूचीच. अहवालाने आकडा नोंदवावा. 'गाळणी' म्हटलंत की आरोप झाला, आणि तो आधी सिद्ध करावा लागेल.

पानगळ
वहीकाका, मरणे आणि मारणे यांत काहीच फरक नाही का? प्रश्नपत्रिकेत आपण 'गाळलेल्या जागा भरा' असं छापतो. 'गळलेल्या जागा' कुणी छापत नाही. जागा आपोआप रिकामी झालेली नाही, पेपर काढणाऱ्याने केली, हे तिसरीतल्या पोरालाही कळतं.

आणि सिद्ध करायचं म्हणता, तर 2012 साली अमेरिकेतल्या विज्ञानाच्या 127 प्राध्यापकांवर झालेला प्रयोग बघा. प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठीचा एकच अर्ज. काहींना 'जॉन' नावाने दिला, काहींना 'जेनिफर' नावाने. जॉन जास्त लायक ठरला, त्याला पगारही जास्त देऊ केला गेला. असं ठरवणाऱ्यांत बायकाही होत्या. अक्षरही न बदललेल्या अर्जात जेनिफर कुठून गळली?

क्षर-अक्षर
दोन्ही शब्द स्वयंपाकघरातले वाटतात. 'क्षरण' घ्या. ज्याचं क्षरण होत नाही ते अक्षर, इतकी सुंदर व्युत्पत्ती आपल्याकडे असताना नळ आणि गाळणी कशाला? अहवालाची भाषा थोडी वरची असावी.

पानगळ
'क्षरण' वाचून खडक झिजल्याचं चित्र येतं. झिजायला हजारो वर्षं लागतात आणि त्यात कुणाचाच हात नसतो. मग गळतीच काय वाईट?

रेघोटी
माझी गोष्ट सांगते, शब्द तुम्ही ठरवा. सहा-सहा महिन्यांच्या करारावर नऊ वर्षं शिकवलं. विभागाच्या प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त मीच लिहायचे. 'तुमचं अक्षर छान आहे' असं सांगून ते काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. बाळंतपणाच्या सुमारास करार संपला, पुढचा निघालाच नाही. हिशेब घ्यायला गेले तेव्हा छापील अर्ज पुढे आला. त्यात 'सोडण्याचे कारण' असा बोटभर रकाना. समोरचे गृहस्थ मवाळपणे म्हणाले, "वैयक्तिक लिहा, सगळे तेच लिहितात." मी लिहिलं. त्या संस्थेच्या दप्तरी मी गळलेली आहे.

जुनी वही
रेघोटीताई, वाचून वाईट वाटलं. तुमच्या बाबतीत 'गाळलं' हेच खरं, मान्य. पण एका शब्दाने सगळ्यांची गोष्ट सांगता येईल का, ही शंका राहतेच. काही जणी खरोखर स्वतःहून दुसरी वाट धरतात.

उंबरा
गळणं-गाळणं दोन्हींत माणूस बाहेर जातो. जर्मन गणितज्ञ एमी नोएथर बाहेर गेल्याच नव्हत्या. 1915 मध्ये त्या गटिंगेन विद्यापीठात आल्या, पण बाई म्हणून अध्यापनाचा अधिकार 1919 पर्यंत मिळाला नाही. तोवर व्याख्यानं त्यांची आणि जाहीर व्हायची तिथले गणिताचे प्राध्यापक हिल्बर्ट यांच्या नावाने. 1922 मध्ये प्राध्यापक ही पदवी मिळाली, तीही बिनपगारी. याला कुठला शब्द? नळी गळते तशी तुंबतेही. मी 'तुंबणे' सुचवेन. डॉना स्ट्रिकलंड यांना 2018 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा त्या सहयोगी प्राध्यापकच, म्हणजे प्राध्यापकाच्या एक पायरी खालीच होत्या.

जुनी वही
स्ट्रिकलंड यांचं उदाहरण नको. बढतीसाठी अर्जच केला नव्हता, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे.

उंबरा
तेही शब्दात यायला हवं की! अर्ज का करावासा वाटला नाही, हा प्रश्न उरतोच.

क्षर-अक्षर
एक विचारतो. वर सगळे बायकांबद्दल बोलतानाही 'प्राध्यापक' लिहीत आहेत. 'प्राध्यापिका' हा चांगला मराठी शब्द टाकून का दिला?

रेघोटी
कारण पाटीवर 'प्राध्यापिका' वाचलं की लोक आधी बाई बघतात, मग विषय. मला 'प्राध्यापक'च हवं होतं.

पानगळ
मला उलट वाटतं. 'प्राध्यापक' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुरुषच उभा राहतो. बाई तिथे आहे हे दिसू दे. 'मास्तरीण'चं बघा ना, शिकवणारीही मास्तरीण आणि मास्तरांची बायकोही मास्तरीण. बाईचं स्वतःचं काम आणि तिचं लग्न एकाच शब्दात कोंबलेलं.

जुनी वही
संस्कृतने ही सोय फार आधी केली आहे. आचार्या म्हणजे स्वतः शिकवणारी, आचार्यांची पत्नी ती आचार्याणी. म्हणजे शिकवणाऱ्या बायका इतक्या तरी होत्या की त्यांच्यासाठी वेगळं रूप लागलं.

अनुवादिनी
मंडळी, सोमवारी मजकूर द्यायचा आहे. माझं वाक्य असं आहे: 'सहयोगी प्राध्यापक ते प्राध्यापक या टप्प्यावर स्त्रियांची ______ सर्वाधिक दिसते.' 'गाळणी' घातलं तर वस्तूच समोर येते, 'गाळणूक' असा शब्द चालेल का? 'अडवणूक', 'पिळवणूक' चालतात, मग हा का नाही?

क्षर-अक्षर
वहीकाका, 'आचार्याणी' नव्हे, आचार्यानी. तिथे 'न'चा 'ण' होत नाही, त्यासाठी वेगळं वार्तिकच (पाणिनीच्या सूत्राला जोडलेला पूरक नियम) आहे.

जुनी वही
बरोबर, माझी चूक. पण मराठीत उतरताना तो 'ण' झाला तर बिघडलं कुठे?