शब्दचर्चा : 'लिबर्टेरियन', 'गन राइट्स', 'ओव्हररीच' यांना मराठीत काय म्हणायचं?

आडगावचा :
मंडळी मदत पाहिजे. दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या लिबर्टेरियन लोकांवर (सरकार जितकं कमी तितकं बरं असं मानणारे) लेख लिहायला घेतलाय, म्हंजे बंदुकीचा हक्क, सरकारची दादागिरी आणि न्यूज मीडियावरचा राग हे तिन्ही ते एकाच गाठोड्यात का बांधतात त्याबद्दल. पहिल्याच वाक्याला गाडी अडली. स्वातंत्र्यवादी लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे बेचाळीसची चळवळ येणार, उदारमतवादी लिहिलं तर रानडे-गोखले, आणि तिकडे लिबरल म्हंजे नेमके ते ज्यांच्याशी यांचं रोज वाजतं. मुक्तिवादी म्हटलं की कायतरी मोक्षबिक्ष वाटतं. काय करू?

टेक्सासकर :
ह्यूस्टनला बरीच वर्षं झाली, ऑफिसात शेजारीच एक पक्का लिबर्टेरियन बसतो म्हणून सांगतो. आधी एक गैरसमज काढा, मराठी पेपर यांना 'उजवे' लिहून मोकळे होतात ते बरोबर नाही. बंदुकीवर ते उजव्यांसारखं बोलतात पण गांजा कायदेशीर करा, परदेशातली युद्धं आवरा, फोन टॅप करणं थांबवा हे पण तेच बोलतात. यांचा पक्ष १९७१ ला कोलोरॅडोत निघाला, त्याच वर्षी निक्सनने पगार आणि किमती सरकारी हुकमाने गोठवल्या होत्या, त्याचा राग हे एक मोठं कारण. निक्सन रिपब्लिकन होता हे लक्षात घ्या. त्यामुळे 'व्यक्तिस्वातंत्र्यवादी' लिहा, लांब आहे पण चूक नाही.

ताम्हण :
व्यक्तिस्वातंत्र्यवादी म्हटलं की सगळेच आपण. मी तर म्हणेन लिबर्टेरियनच ठेवा, कम्युनिस्टला साम्यवादी शब्द असून लोक कम्युनिस्टच म्हणतात ना. आणि गंमत म्हंजे १९ व्या शतकात हा शब्द फ्रेंच अराजकवादी स्वतःसाठी वापरायचे, म्हंजे पार डावे लोक. अमेरिकेत खाजगी मालमत्तावाल्यांनी तो नंतर उचलला.

बखरवाचक :
आपल्याकडे याला जवळचा माणूस म्हंजे शेतकरी संघटनेचे शरद जोशी. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा नीट ऐका, सरकार बाजूला हो एवढंच मागणं आहे त्यात. १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला, त्याच्या मागे राजाजींचा १९५९ चा स्वतंत्र पक्ष, आणि लायसन्स-परमिट राज हा शब्द राजाजींनीच रूढ केला. जोशी 'खुली व्यवस्था' म्हणायचे, तिथून 'खुलेवादी' पाडता येईल पण ऐकायला गमतीदार आहे. फरक असा की आपल्या या मंडळींनी कांद्याचा भाव मागितला, पिस्तूल नाही मागितलं.

आडगावचा :
खुलेवादी हाहा. बरं लिबर्टेरियन ठेवतो. आता 'गन राइट्स'. एका बातमीत 'बंदूकबंदीला विरोध' असं वाचलं.

माडाखाली :
बंदूकबंदी? नसबंदी, दारूबंदी, नोटाबंदी आणि आता ही. अहो गन कंट्रोल म्हंजे बंदी नव्हे, परवाना-तपासणी-नोंदणी हे सगळं त्यात येतं. दुसरं म्हंजे आपल्याकडे बंदूक म्हटलं की लांब नळीची. आमच्या आजोबांकडे ठासणीची होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर, डुकरांसाठी आणि वांदरांसाठी, इलेक्शन लागलं की ती पोलीस स्टेशनला जमा आणि निकाल लागला की परत आणायला दिवसभराची फेरी. त्यात हक्कबिक्क असं कधी कोणाच्या डोक्यात आलं नाही, डुक्कर येतो म्हणून बंदूक. कंबरेला लावतात ते पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, त्याला कोकणात कोणी बंदूक म्हणणार नाही.

टेक्सासकर :
भाऊ मुद्दा एकदम बरोबर, कारण तिकडची सगळ्यात गाजलेली केस पिस्तुलाचीच आहे. वॉशिंग्टन शहरात १९७६ पासून हँडगनवर जवळजवळ बंदीच होती, डिक हेलर नावाचा सुरक्षारक्षक, ड्युटीवर सरकारी इमारत राखायला पिस्तूल पण घरी ठेवायला परवानगी नाही. २००८ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने त्याच्या बाजूने निकाल दिला. आणि ही केस उभी केली केटो इन्स्टिट्यूट या लिबर्टेरियन अभ्याससंस्थेच्या रॉबर्ट लेव्ही यांनी, स्वतःच्या खिशातून, म्हंजे खरे लिबर्टेरियन. एनआरए, म्हंजे बंदूकवाल्यांची बडी संघटना, तर सुरवातीला ही केस नकोच म्हणत होती, हरलो तर काय या भीतीने. इकडे आता टेक्सासमध्ये २०२१ पासून बहुतेक प्रौढांना पिस्तूल घेऊन फिरायला परवाना लागत नाही.

ताम्हण :
'परवाना लागत नाही' हे वाक्यच मराठी कानाला कसंतरी होतं बघा. आणि 'बाळगणे' घ्या. अमेरिकेच्या त्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत (१७९१ ची, इंग्रजीत अवघे २७ शब्द) शस्त्र ठेवणे आणि बाळगणे असं दोन्ही आहे. मराठीत अभिमान बाळगतो, भीती बाळगतो, पण शस्त्र बाळगलं की पुढचा शब्द ठरलेला, 'बाळगल्याप्रकरणी अटक'. क्रियापदालाच बेडी घातलेली. 'शस्त्र बाळगण्याचा हक्क' लिहा बरोबरच आहे पण वाचणारा आधी गावठी कट्टा आठवणार.

बखरवाचक :
ताई, हेलर केसमध्ये अर्धं भांडण याच क्रियापदावर झालंय. न्यायमूर्ती स्टीव्हन्स म्हणाले तो वाक्प्रचार सैनिकी आहे, म्हंजे सैन्यात शस्त्र उचलणे, स्कालिया म्हणाले नाही, जवळ घेऊन हिंडणे एवढाच साधा अर्थ. पानंच्या पानं शब्दचर्चा, आपल्या धाग्यासारखीच, फक्त तिथे शेवटी मतदान होतं.

आणि घटनादुरुस्तीच्या त्या वाक्याचा पहिला भाग तर फारच मजेचा आहे. 'वेल रेग्युलेटेड मिलिशिया'चं भाषांतर 'सुनियंत्रित नागरी सेना' असं केलं की वाटतं सरकारने नियंत्रणात ठेवलेली, आणि कंट्रोलवाल्यांचा सगळा जोर त्या 'नियंत्रित'वर. बंदूकवाले म्हणतात १८ व्या शतकात त्याचा अर्थ कवायत झालेली, शिस्तीची. मला तर मराठीत शब्द तयारच दिसतो. त्याच वर्षांत उत्तरेत महादजी शिंद्यांच्या डी बॉइनने उभ्या केलेल्या पलटणी होत्या, त्यांना आपण कवायती फौज म्हणतो. आणि मिलिशिया म्हंजे? १७९२ च्या त्यांच्या कायद्यात १८ ते ४५ वयाच्या धडधाकट गोऱ्या पुरुषाने बंदूक स्वतःच्या पैशाने आणायची होती. स्वतःचा घोडा स्वतःचं हत्यार घेऊन येतो तो आपला शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. लिबर्टेरियनचं एका ओळीत सांगायचं तर त्याला सगळे शिलेदार पाहिजेत. बारगिराची नोकरी गेली की घोडा सरकारजमा, शिलेदार आपला घोडा घेऊन घरी जातो, हाच त्यांचा सरकारशी मुद्दा.

आडगावचा :
वा बखरवाचक, हे घेतलं!! लेखाचं नाव पण मिळालं. आता 'ओव्हररीच'. सरकारी हस्तक्षेप फार मवाळ वाटतो, अतिक्रमण कसं आहे?

ताम्हण :
अतिक्रमण अर्थाने अगदी बरोबर, हद्द ओलांडून दुसऱ्याच्या जागेत पाय टाकणे. पण वापर बघा ना. मराठीत अतिक्रमण करतो कोण? फुटपाथवरचा भाजीवाला. आणि हटवायला येतं कोण? महापालिकेचं अतिक्रमण पथक. म्हंजे आपल्या भाषेत जागा सरकारची आणि घुसखोर माणूस, लिबर्टेरियनच्या डोक्यात बरोब्बर उलटं चित्र आहे, जागा माणसाची आणि घुसखोर सरकार. त्यामुळे 'सरकारी अतिक्रमण' लिहिलंत तर निम्मे वाचक समजणार सरकारने कुठलीतरी गायरान जमीन लाटली.

हेच 'घटनेने दिलेला हक्क'चं. आपण सहज लिहितो, शाळेच्या पुस्तकापासून. त्यांना विचारलं तर अंगावर येतील, दिलेला नाही म्हणतील, होताच, घटनेने फक्त सरकारला सांगितलं की हात लावू नकोस. आणि ती नुसती पोज नाही, १८७६ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की हा हक्क घटनेने दिलेला नाही आणि तो घटनेवर अवलंबून नाही. (तो निकाल काळ्या लोकांच्या कत्तलीच्या खटल्यातला, आणि त्याने मारेकरी सुटले, हे पण लेखात टाका, नुसतं गोड वाक्य उचलू नका.) मराठीत हक्क आला की देणारा येतोच, हक्क दिला, मिळाला, बजावला. 'हक्क आहे' एवढ्यावर आपलं वाक्य थांबत नाही.

गप्पिष्ट :
ओव्हररीच = आगाऊपणा. सरकारचा आगाऊपणा. विषय संपला.

माडाखाली :
+१ आगाऊपणा

टेक्सासकर :
आगाऊपणा छान आहे पण वेको १९९३ ला आगाऊपणा म्हणवणार नाही हो. टेक्सासमधलीच घटना, एका पंथाच्या वस्तीला ५१ दिवस वेढा आणि शेवटी आग, ७० च्या वर माणसं मेली त्यात लहान मुलं पण. सुरवात कशाने, तर बेकायदा हत्यारांच्या झडतीने. आत गोळीबार झाला, चार एजंटही मेले, त्या पंथाचा म्होरक्या काही संत नव्हता. पण लिबर्टेरियन माणूस ओव्हररीच म्हणतो तेव्हा त्याला हे दिसत असतं. त्याला दंडेली किंवा जुलूम असाच शब्द लागेल.

आणि अजून एक, 'रेड फ्लॅग लॉ'. धोकादायक वाटणाऱ्या माणसाची हत्यारं कोर्टाच्या ऑर्डरने काही काळ काढून घेणे. फ्लोरिडाने २०१८ ला शाळेतल्या गोळीबारानंतर केला. लिबर्टेरियनचा आक्षेप की पहिली ऑर्डर बऱ्याचदा त्या माणसाला न ऐकताच निघते, गुन्हा नाही खटला नाही आणि जप्ती आधी. याचं काय करणार?

बखरवाचक :
लाल बावटा कायदा :)) गिरणगावातले कॉम्रेड खूश होतील.

सरळमार्गी :
इतका वेळ वाचतोय, शब्दांचे खेळ छान चाललेत पण २०२२ ला टेक्सासच्या युवाल्डीत शाळेतल्या गोळीबारात १९ लहान मुलं आणि दोन शिक्षिका मेल्या त्याला कुठला शब्द शोधणार आहात? शिलेदार वगैरे रोमँटिक वाटतं, अठरा वर्षांच्या पोराने दुकानातून कायदेशीर विकत घेतलेली रायफल होती ती. शिलेदार निदान कोणाच्यातरी हुकमात तरी असायचा.

टेक्सासकर :
सरळमार्गी तुमचा राग कळतो, माझी पोरं इकडच्याच शाळेत जातात. पण तीच घटना लिबर्टेरियन कशी वाचतो ते सांगतो, पटत नसलं तरी लेखासाठी. तो म्हणतो शेकडो पोलीस आले आणि तासाच्या वर बाहेर थांबून राहिले, आणि घाबरून धावलेल्या आईबापांना अडवलं. म्हंजे हत्यार फक्त सरकारकडे ठेवा म्हणता आणि सरकार दारात उभं राहिलं. मला स्वतःला हे अर्धच उत्तर वाटतं कारण आत गेलेली रायफल कुठून आली ते ते बोलतच नाहीत.

ताम्हण :
आणि इथेच मीडियाचं गाठोडं जोडलं जातं बहुतेक. त्यांचा आवडता टोमणा, पत्रकारांना बंदुकीतलं काही कळत नाही पण मत असतं. आपल्याकडच्या बातम्यांत पण 'स्वयंचलित रायफलीतून अंदाधुंद' असं ठोकून देतात, एआर-१५ दुकानात मिळते ती अर्धस्वयंचलित, एकदा चाप ओढला की एक गोळी. आणि त्यातलं एआर म्हंजे 'असॉल्ट रायफल' नव्हे, आर्मालाइट ही ती कंपनी. मराठीत आपण 'असॉल्ट वेपन'ला 'प्राणघातक शस्त्र' लिहितो ते तर अजून भारी, प्राणघातक नसलेली बंदूक कुठली?

आडगावचा :
मीडियावरच्या त्यांच्या रागाला 'गोदी मीडिया' चालेल का?

टेक्सासकर :
नको, गोदी म्हंजे सरकारच्या मांडीवर बसलेला, आणि तो शब्द आपल्या राजकारणाचा वास घेऊन येतो. यांची तक्रार जरा वेगळी. माध्यमं एकांगी आहेत म्हणतात, पण मग सरकारने त्यांना सरळ करावं असं विचारलं की तेही नको. १९४९ पासून तिकडे रेडिओ-टीव्हीला वादाच्या विषयात दोन्ही बाजू दाखवायचा सरकारी नियम होता, १९८७ ला काढला, लिबर्टेरियनांनी टाळ्याच वाजवल्या. आणि एनपीआर-पीबीएस या सार्वजनिक रेडिओ-टीव्हीला सरकारी पैसा देऊ नका हे वर्षानुवर्षं सांगत आलेत, २०२५ ला काँग्रेसने (म्हंजे तिकडच्या संसदेने) तो पैसा खरंच काढून घेतला. त्याच सुमारास सरकारी परवान्याचा धाक दाखवून चॅनेलांना दटावणं चालू झालं तेव्हा मात्र माझा ऑफिसातला शेजारी तितकाच चिडला, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे.

बखरवाचक :
बंदूक आणि छापखाना एकाच गाठोड्यात का, याला मराठी वाचकासाठी लांब जायला नको. साल १८७८, व्हाइसरॉय लिटन. एकाच वर्षात देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणि हत्यारांचा कायदा, दोन्ही. पहिला रिपनने काही वर्षांत उठवला, दुसरा १९५९ पर्यंत टिकला आणि मग आपण आपला केला. म्हणून तर गांधींचं वाक्य अमेरिकन बंदूकवाले पोस्टरवर लावतात, की अख्ख्या देशाला निःशस्त्र करणं हे इंग्रजांचं सगळ्यात काळं कृत्य. आता ते वाक्य १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकातलं, इंग्रजांच्याच फौजेत जा असं सांगणारं, हे पोस्टरवर नसतं. कराचीच्या १९३१ च्या ठरावात पण काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्राचा हक्क घातला होता, १९४८ ला घटना समितीत ह. वि. कामतांनी तो मागितला आणि आंबेडकरांनी मानला नाही.

आडगावचा :
मग ठरलं. लिबर्टेरियन तसाच, गन राइट्सला 'हत्यार बाळगण्याचा हक्क', ओव्हररीचला जागा बघून आगाऊपणा किंवा दंडेली, मिलिशियाला शिलेदार, आणि मीडियाला माध्यमं. 'घटनेने दिलेला' काढून टाकतो.

ताम्हण :
अवांतर : आपल्या घटनेच्या मराठी प्रतीत १९ व्या अनुच्छेदात जमण्याचा हक्क आहे तो 'शांततेने व विनाशस्त्र'. मी कॉलेजात असताना परीक्षेत 'विनाशास्त्र' लिहून आले होते, एका कान्याने. सरांनी लाल गोल करून बाजूला लिहिलं, कुठलं?

गप्पिष्ट :
एआर-१५