मदत हवी आहे: शिक्षकांनी स्वतःचे पूर्वग्रह तपासायचे कसे?

नमस्कार. मी बडोद्यातील एका खासगी गुजराती माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. माझ्या वर्गात शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांवर प्रवेश मिळालेली मुले आहेत, छोटा उदेपूरकडून मजुरीसाठी शहरात आलेल्या राठवा या आदिवासी समाजाच्या कुटुंबांतील मुले आहेत, मकरपुऱ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या हिंदी भाषक कामगारांची मुले आहेत, आणि आईवडील दोघेही पदवीधर असलेलीही आहेत. 'सांस्कृतिक जाण आणि पूर्वग्रह' या विषयावर शिक्षकांसाठी काही सत्रे घ्यावीत असे आमच्या आचार्यांनी (मुख्याध्यापकांनी) ठरवले असून त्यांची आखणी माझ्याकडे दिली आहे.

या विषयावर शाळेत आजवर जे झाले ते पारंपरिक वेशभूषा, प्रत्येकाच्या घरचा पदार्थ आणि सूचनाफलकावरची छायाचित्रे यांपलीकडे गेलेले नाही. मुलांना त्या दिवशी मजा येते, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला कोणाला प्रश्न विचारला जातो आणि कोणाला नाही, यात त्यामुळे तसूभरही फरक पडत नाही. मला सत्रांत नेमके तेच हाताळायचे आहे.

दोन उदाहरणे देते, म्हणजे मी कशाबद्दल बोलते आहे ते स्पष्ट होईल. नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळून आलेली मुले सकाळी बाकावर पेंगतात, तेव्हा स्टाफरूममध्ये त्यावर हसून विषय सोडून दिला जातो. होळीनंतर कवांटच्या मेळ्यासाठी गावी थांबलेला राठवा मुलगा दोन-तीन दिवस उशिरा परतला, तर मात्र त्याच्या नावापुढे 'पालक बेफिकीर' असा शेरा पडतो. दुसरे उदाहरण वह्यांचे. छेद समान न करता अपूर्णांकांची वजाबाकी करण्याची एकच चूक दोन वह्यांत होती. एका वहीत 'घाई करू नकोस, छेद पाहा' असे लिहून शेजारी पहिली पायरी सोडवून दाखवली होती, तर दुसऱ्या वहीत 'घरी अभ्यास होत नाही' एवढेच. दुसरी वही कोणत्या मुलाची होती, हे सांगायला नकोच. शेरे लिहिणारी व्यक्ती कष्टाळू आणि मुलांवर माया करणारी आहे, आणि म्हणूनच मला हा प्रश्न सद्‌भावनेच्या व्याख्यानाने सुटेल असे वाटत नाही.

बी.एड.ला आपण सर्वांनी फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत, म्हणजे वर्गात कोण किती आणि कसे बोलते हे टिपण्याची पद्धत, शिकलेली असते. दर तीन सेकंदांनी नोंद, दहा प्रवर्ग, त्यांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. अडचण अशी की विद्यार्थी किती बोलले हे त्या तक्त्यातून कळते, पण कोणता विद्यार्थी बोलला हे कळत नाही. यापेक्षा उपयोगी आणि पन्नासेक मुलांच्या वर्गात जमेल असे काही साधन कोणी वापरले आहे का? शिवाय आमच्याकडे निरीक्षणाचा कागद थेट सुपरवायझरकडे जातो. अशा कागदावर प्रामाणिक नोंद कोण करील? या दोन्ही बाबतींत अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

प्रतिसाद – निवृत्त अध्यापक, बडोदे

ताई, आपला दुसरा प्रश्न आधी सोडवावा, कारण त्यावर पहिल्याचे यश अवलंबून आहे. नोंद ज्याची, कागद त्याचाच, ही अट आचार्यांकडून सत्रांपूर्वी मान्य करून घ्यावी. सत्रात चर्चा करायची ती नोंदीतून शिक्षकाला स्वतःला काय दिसले याची. आकडे कोणी मागू नयेत.

साधनाबद्दल सांगायचे तर ब्रॉफी आणि गुड या अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी 1970 च्या सुमारास शिक्षक आणि एकेक विद्यार्थी यांच्यातील व्यवहार स्वतंत्रपणे टिपण्याची पद्धत मांडली होती. ज्यांच्याकडून अपेक्षा जास्त, ती मुले अडली की शिक्षक प्रश्न फिरवून विचारतात किंवा धागा देतात. ज्यांच्याकडून अपेक्षा कमी, त्यांच्या बाबतीत उत्तर स्वतःच सांगून मोकळे होतात किंवा दुसऱ्याला उठवतात, असे त्यांना आढळले. आपल्या वर्गासाठी बैठकीचा नकाशा काढावा आणि एका तासात फक्त दोन खुणा कराव्यात: प्रश्न विचारला की उभी रेघ, अडल्यावर मदत दिली की टिंब. शेजारच्या वर्गातील मित्र-शिक्षकाने खुणा करून कागद तिथल्या तिथे परत द्यावा. मेरी बड रो यांच्या अभ्यासात प्रश्नानंतर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि हुशार समजल्या गेलेल्या मुलांसाठी अधिक थांबतात, असे दिसले होते. तीन सेकंद थांबणे ऐकायला सोपे वाटते, पण आपले आपण मोजल्याशिवाय ते साधत नाही.

पेपर तपासताना नाव झाकावे आणि गुणांचे निकष आधी लिहून ठेवावेत. हॅना आणि लिंडन यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, भारतातच केलेल्या प्रयोगात उत्तरपत्रिकांवर जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी, मुलाच्या खऱ्या जातीशी संबंध न ठेवता, लिहिली होती. तरीही तथाकथित खालच्या जातीची नोंद असलेल्या पत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. आणि हा फरक करणाऱ्यांत त्याच जातींतील शिक्षक प्रामुख्याने होते. त्यामुळे सत्रात 'पूर्वग्रहदूषित कोण' याचा शोध घेऊ नये.

जाता जाता: सक्तीचे प्राथमिक शिक्षण 1906 मध्ये राज्यभर लागू करणाऱ्या याच बडोद्यात, संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकून 1917 मध्ये नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नव्हती. प्रवेशाचे दार कायदा उघडतो. आतली वागणूक कायद्याच्या हाती फारशी नसते.

प्रतिसाद – शिक्षिका, इंदूर

वरील सूचनांशी सहमत आहे, पण एक सावधगिरी सांगते. सांस्कृतिक जाण वाढवताना नवे शिक्के तयार होतात. पिठोराची चित्रे ही राठव्यांची परंपरा आहे हे कळले, की वर्गातल्या प्रत्येक राठवा मुलाला चित्रकलेच्या फळ्यापाशी उभे केले जाते आणि गणिताच्या फळ्यापाशी दुसराच कोणी. समाजाबद्दल वाचण्यापेक्षा त्या मुलाच्या पालकांना विचारणे बरे: तो घरी काय काम करतो, हिशेब कोण ठेवते, गावी कधी जावे लागते. या शेवटच्या उत्तरावरून वर्षारंभीच नोंद केली, तर होळीचा शेरा पडणारच नाही.

रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा 1968 चा प्रसिद्ध प्रयोग (चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली काही मुले लवकरच चमकतील असे शिक्षकांना सांगून त्याचा परिणाम पाहणारा) सत्रात आणणार असाल, तर जपून. शिक्षकांच्या अपेक्षेचा परिणाम तिथे मुख्यतः पहिली-दुसरीत दिसला होता आणि त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. एखाद्या जाणत्या शिक्षकाने तेवढ्यावर बोट ठेवले की सगळे सत्रच निकालात निघते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कागद शिक्षकाकडेच राहील, ही अट मी आचार्यांपुढे लेखी मांडते. ती मान्य झाली नाही, तर नकाशा बाजूला ठेवून केवळ नावे झाकून वह्या तपासण्याचे सत्र घेईन, कारण त्याला कोणाची परवानगी लागत नाही. गणितात निकष ठरवणे सोपे आहे, पण निबंधासाठी भाषाशिक्षक असे निकष कसे लिहितात? 'सुट्टीत केलेला प्रवास' या विषयावर गावी जाऊन शेतात राबलेल्या मुलाने लिहिले, तर त्याला गुण कशाचे द्यायचे, यावरच आमच्याकडे मतभेद आहेत. कोणाकडे निबंधाच्या निकषांचा गुजराती किंवा मराठी तक्ता असेल तर कृपया इथे द्यावा.