कोण आजारी पडले नाही, हेही पाहावे

प्राणिसंग्रहालयातील रोगांवरील संशोधनाचा आपल्या खानदेशातील पशुपालकांना काय उपयोग, असा प्रश्न कुणी विचारला आहे, म्हणून एक उदाहरण देतो. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कावळे मरू लागले आणि माणसांतील मेंदूज्वराचे निदान 'सेंट लुईस' प्रकारचा (डासांमुळे पसरणाऱ्या एका विषाणूचा) असे झाले, तेव्हा ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील विकृतिशास्त्रज्ञ (मृत शरीरातून रोगाचे कारण शोधणाऱ्या) ट्रेसी मॅकनमारा यांनी कावळ्यांचे व फ्लेमिंगोंचे शवविच्छेदन केले आणि त्या विषाणूने पक्षी सहसा मरत नाहीत, हे ध्यानात घेऊन त्या निदानावरच शंका घेतली. दुसरी शक्यता होती घोड्यांच्या मेंदूज्वराची; पण त्याला सहज बळी पडणारे संग्रहालयातील एमू पक्षी मात्र ठणठणीत होते, त्यामुळे तीही शक्यता मावळली. अखेर तो अमेरिकेत पूर्वी कधीही न आढळलेला वेस्ट नाईल विषाणू निघाला.

मला एमूंचे हे निरीक्षण सर्वांत मोलाचे वाटते. २०२२ मध्ये आमच्या रावेर तालुक्यात गाई-बैलांच्या अंगावर लम्पी या त्वचारोगाच्या गाठी उठल्या, पण म्हशी बहुतांशी धडधाकट राहिल्या, आणि हा फरक गोठ्यात राबणाऱ्यालाच आधी दिसतो. यावल अभयारण्यालगतच्या मंडळींना विनंती आहे की मेलेला कावळा वा मोर दिसल्यास उघड्या हाताने उचलू नये आणि पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात व वनखात्याला कळवावे.