मदत हवी आहे: दोन दिवसांत 'फिट टू फ्लाय' सर्टिफिकेट मुंबईत कुठे मिळेल?

निशिगंध_विक्रोळी
शनिवारी नागपूरला मामेबहिणीचं लग्न आहे. शुक्रवारी सकाळचं विमान, माझं आणि आईचं तिकीट काढून झालंय. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून विमान कंपनीला फोन केला, तर ते म्हणतात डॉक्टरांचं फिट टू फ्लाय आणा. आमचे डॉक्टर बाहेरगावी आहेत, ओपीडी थेट सोमवारी. तोवर लग्न होऊन जाईल! मुलुंड ते दादर पट्ट्यात असं सर्टिफिकेट कोण देतं? किती घेतात? ठरलेला नमुना असतो का? आई ६७ वर्षांची, बीपी नाही, शुगर नाही. एकुलती एक आत्या आहे, तिला जायचंच आहे. आज मंगळवार आहे, प्लीज लवकर सांगा.

चाळ_नंबर_चार
कोणताही एमबीबीएस देतो. लेटरहेड, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर, बस. आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरांनी बाबांना पाच मिनिटांत दिलं होतं. उगाच मोठ्या हॉस्पिटलात जाऊ नका.

सुधामती
मोतीबिंदू ना? काळजी नको. माझ्या सासऱ्यांना चौथ्या दिवशी विमानाने नेलं. काळा चष्मा आणि ड्रॉप हाताशी ठेवा, एसीने डोळा कोरडा पडतो.

ओटी_सिस्टर
ऑपरेशन कसलं आणि कधी झालं, हे लिहिलंच नाहीत तुम्ही.

निशिगंध_विक्रोळी
मोतीबिंदू नाही, पडद्याचं. ९ दिवस झाले. डोळा छान आहे, दुखत नाही. मी फक्त सर्टिफिकेटचं विचारलंय.

मीठागर
उतरताना कानाकडे लक्ष द्या. माझ्या आईचे कान दोन दिवस बंद होते. विमान खाली येऊ लागलं की गोळी चघळायला द्या, झोपू देऊ नका. सर्दी असेल तर नाकात ड्रॉप घालूनच बसवा.

अंधेरी_पूर्व
आईंचं ऑक्सिजन मोजलंत का? विमानात निरोगी माणसाचंही ९०-९३ पर्यंत उतरू शकतं. माझ्या वडिलांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुना आजार. स्वतःचा सिलिंडर नेऊ देत नाहीत, कंपनीला आधी कळवावं लागतं, फॉर्म वेगळा. मी तीन दिवस फोनवर होतो. तुम्हीही आत्ताच कळवा.

ओटी_सिस्टर
अहो, त्यांच्या आईला दमा नाही, डोळ्याचं विचारताहेत. निशिगंध, मला दोनच गोष्टी सांगा. आईंना पालथं झोपायला सांगितलंय का? आणि हाताला कसला पट्टा बांधला होता का?

निशिगंध_विक्रोळी
हो, दिवसभर मान खाली घालून बसते, रात्री पालथी. तुम्हाला कसं कळलं? हिरवा पट्टा होता, इंग्रजीत बारीक काहीतरी लिहिलेलं. बांगडीत अडकत होता म्हणून मीच काढून ठेवला. मला वाटलं हॉस्पिटलचा नेहमीचा नावाचा पट्टा असेल.

ओटी_सिस्टर
शुक्रवारचं तिकीट विसरा. सर्टिफिकेट शोधूही नका.

मी २२ वर्षं डोळ्यांच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काम केलंय. पडदा सुटतो तेव्हा डोळ्यातला जेलीसारखा भाग काढतात आणि पडदा जागेवर दाबून राहावा म्हणून आत वायूचा बुडबुडा सोडतात. वायू वर जातो आणि पडदा असतो मागे, म्हणून मान खाली. तो हिरवा पट्टा याचसाठी असतो: डोळ्यात वायू आहे, विमानप्रवास नको, भूल देताना नायट्रस ऑक्साइड नको. उद्या आई कुठे पडल्या आणि बेशुद्ध अवस्थेत त्यांना दुसऱ्याच हॉस्पिटलात नेलं, तर तिथल्या डॉक्टरांना सांगणारा तो एकच कागद आहे. नायट्रस ऑक्साइड त्या बुडबुड्यात शिरून तो फुगवतं. आधी पट्टा परत बांधा, मग पुढचं वाचा.

विमान वर गेलं की हवेचा दाब कमी होतो आणि बुडबुडा प्रसरण पावतो. डोळा बंद गोळा आहे, वाढलेला वायू जाणार कुठे? आतला दाब चढतो, पडद्याला रक्त पुरवणारी धमनी दाबली जाते. डोळा असह्य दुखतो, अंधारी येते, आणि रक्त थांबून राहिलं तर नजर कायमची जाते. तीस-चाळीस मिनिटं हवेत असताना हे सुरू झालं तर तुम्ही काय करणार?

डिस्चार्ज कार्ड काढा. 'एसएफ६' लिहिलंय, 'सी३एफ८' लिहिलंय की 'सिलिकॉन ऑइल', ते बघून इथे टाका. पहिला वायू साधारण दोन-तीन आठवडे राहतो, दुसरा सहा ते आठ. तेल हा द्रव आहे, तो असा फुगत नाही, त्याचा हिशोब वेगळा.

दर_सोमवारी_दिल्ली
सिस्टर, उगाच घाबरवताय. विमानाची केबिन प्रेशराइज्ड असते. मी दर आठवड्याला उडतो. बाहेर ३५००० फूट असले तरी आत आपण जमिनीवरच असल्यासारखे असतो.

निवृत्त_हवाईदल
नाही, जमिनीवर असल्यासारखे नसतो. केबिनमध्ये दाब भरतात, पण समुद्रसपाटीइतका भरत नाहीत. विमानाचं शरीर तेवढं जाड करावं लागलं तर वजन परवडणार नाही. नियम असा की आतला दाब ८००० फुटांच्या उंचीवर असतो त्यापेक्षा कमी होऊ द्यायचा नाही. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर, ८००० फुटांवर ५६५ च्या आसपास. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. म्हणजे राज्यातल्या सर्वांत उंच शिखराच्या जवळजवळ दीडपट उंचीवर तुम्ही बसलेले असता. बंद वायू तिथे साधारण एक तृतीयांशाने वाढतो. बोइंग ७८७ मध्ये केबिन ६००० फुटांवर ठेवतात, तिथेही हा बुडबुडा फुगेलच. तुम्हाला आठवड्याला काही होत नाही, कारण तुमच्या डोळ्यात वायू नाही.

दर_सोमवारी_दिल्ली
कळसूबाईचं माहीत नव्हतं. पण नागपूरचं विमान फार वर जातच नाही, सव्वा तासात उतरतं.

निवृत्त_हवाईदल
पूर्ण उंची गाठतं. आणि सव्वा तास कमी नाही, धमनी बंद पडायला मिनिटं पुरतात.

कुर्ला_टर्मिनस
मग रेल्वेने न्या ना! विदर्भ, दुरांतो, सेवाग्राम, रात्री बसा सकाळी नागपूर. वरचा बर्थ नको, खालचा सिनियर सिटिझन कोटा. तत्काळ सकाळी १० ला उघडतं एसीसाठी, मी टिप्स देऊ शकतो.

ओटी_सिस्टर
कसाऱ्याचा घाट विसरलात. इगतपुरी जवळपास २००० फूट. खंडाळ्याला पोचेपर्यंत वेफर्सचं पाकीट टम्म होतं ना, तेच डोळ्यात होणार. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घाट नाही.

निवृत्त_हवाईदल
सिस्टर, इथे थोडं जास्त होतंय. २००० फुटांवर वायू सात-आठ टक्के वाढतो आणि गाडी घाट हळूहळू चढते. विमान काही मिनिटांत चढतं. दोन्हींची तुलना बरोबर नाही.

ओटी_सिस्टर
तुम्ही दाब मोजलात, मी पेशंट पाहिलेत. नवव्या दिवशी डोळ्यात बुडबुडा बराच भरलेला असू शकतो, आधीचा दाबही चढलेला असू शकतो. टक्के सात असले तरी कोणत्या डोळ्याचे सात, ते महत्त्वाचं. शिवाय बारा-चौदा तास बर्थवर पालथं कोण राहणार? कोकण रेल्वेने समुद्राकाठाने जायचं असतं तर मी एवढं म्हटलं नसतं.

तारांगण_वरळी
अवांतर, पण राहवत नाही. अंतराळ स्थानकात दाब समुद्रसपाटीइतकाच ठेवतात, त्यामुळे वायूचा हा त्रास तिथे नाही. पण वजनहीनतेत अंगातलं पाणी डोक्याकडे सरकतं, डोळ्याच्या मागच्या मज्जातंतूला सूज येते, गोळा मागून चपटा होतो. महिनोन्‌महिने राहणाऱ्यांचा चष्म्याचा नंबरसुद्धा बदलतो. आपले शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये तिथे १८ दिवस होते. मंगळापर्यंतच्या प्रवासात डोळ्यांचं काय होईल, हा मोठा प्रश्न आहे. बंगळुरूला हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिनची संस्था आहे, तिथे...

निशिगंध_विक्रोळी
प्लीज, मंगळ नंतर. कार्ड सापडलं. 'सी३एफ८ १४%' लिहिलंय. याचा अर्थ काय? आई म्हणते डोळ्यासमोर पाण्याची रेघ हलते.

ओटी_सिस्टर
म्हणजे सहा-आठ आठवड्यांचा वायू, आणि ९ दिवसच झालेत. ती रेघ म्हणजे बुडबुड्याची कड. जसजसा वायू जिरेल तसतशी रेघ खाली सरकेल, शेवटी छोटा गोळा दिसेल आणि जाईल. पण तो गेला हे डॉक्टरांनी डोळा तपासून सांगायचं, आपण ठरवायचं नाही. कार्डावर इमर्जन्सी नंबर असेल, ओपीडी बंद असली तरी तो चालतो. आत्ता लावा. घाटाचंही त्यांनाच विचारा.

चाळ_नंबर_चार
मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. नाक्यावरच्या डॉक्टरांनी न बघता लिहून दिलं असतं आणि त्यांनी नेलंही असतं.

निशिगंध_विक्रोळी
नंबर लागला. ड्युटीवरच्या डॉक्टर म्हणाल्या, विमान अजिबात नाही, घाट पण नाही, पुढच्या तपासणीपर्यंत मुंबईबाहेर कुठेही नाही. मी म्हटलं डिस्चार्जच्या वेळी कुणी बोललंच नाही, तर म्हणाल्या पट्ट्यावर लिहिलंय. तीन रात्री जागून घरी जायच्या घाईत असलेल्या माणसाला बारीक इंग्रजीत लिहून देऊन काय उपयोग, कुणीतरी तोंडाने मराठीत सांगायला नको? याचा मला खूप राग आलाय.

पट्टा ड्रॉवरमध्ये होता. बांगड्या काढून तो बांधलाय. दोन्ही तिकिटं रद्द केली, मीही जात नाही. मामाला फोन केला, तो म्हणाला डोळा सांभाळ, लग्नाचे पेढे मी घेऊन येतो. आई थोडी रडली, पण रडताना मान खालीच होती.

ओटी सिस्टर, तुम्ही दोन प्रश्न विचारले नसते तर शुक्रवारी आम्ही गेलो असतो.

सुधामती
मी मोतीबिंदू समजून बोलले, माफ करा. माझ्या नणंदेचं असंच ऑपरेशन झालं होतं तेव्हा सुताराकडून पालथं बसायचं स्टूल करून घेतलं होतं, तोंडाला गोल भोक आणि खाली मोबाइल ठेवायला फळी. घाटकोपरला माळ्यावर पडून आहे. शनिवारी त्या फळीवर व्हिडिओ कॉल लावला तर आईंना मान खाली ठेवून अक्षता बघता येतील. व्यनि (खाजगी निरोप) करते, उद्या कुणाला तरी पाठवा.