मदत हवी आहे: मुलीला कॅथलिक माध्यमिक शाळेत घालावं का?

आम्ही कॅथलिक नाही, पण लेकीसाठी कॅथलिक शाळा मनात भरलीय. इतरधर्मीय मुलं शिकतात अशा कॅथलिक शाळा चर्चला प्रिय आहेत, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यातच आहे. (जागा कमी पडल्या की बऱ्याच ठिकाणी आधी कॅथलिक मुलं, ते वेगळं!)

माझा खरा प्रश्न मिस्साचा, म्हणजे कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेचा. तिला कम्युनियन (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) घेता येणार नाही, हे ठाऊक आहे. पण सगळा वर्ग रांगेने पुढे जातो तेव्हा ती बाकावर एकटीच बसणार, की छातीवर हातांची फुली करून नुसता आशीर्वाद घेऊ शकते? धर्मशिक्षणाच्या तासाला परीक्षा असते का?

सासूबाईंना धर्मांतराची धास्ती. मला ती एकटी पडेल याची. मुख्याध्यापकांना भेटायचंय, अजून काय काय विचारू? अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.